अजून बावीस मिनिटं

बायको गेली तो दिवस वेगळा. ती गेली आहे हे बाइंडरला नीट कळलं ते त्यानंतर आठ महिन्यांनी, एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास, टीव्हीसमोर.

मुलगी दोन दिवसांसाठी आली होती. तिनं पिशवीतून सुयांवर अडकलेला अर्धा मोजा काढला. राखाडी लोकरीचा, घोट्यापर्यंत विणलेला आणि तिथंच थांबलेला. टाच कशी वळवायची ते तिला येत नव्हतं. मोबाइलवर शंभर बायका शिकवतात, पण आईच्या मोज्याची टाच बसायची तशी त्यातल्या एकीचीही बसत नाही, असं तिचं म्हणणं.

"बाबा, आईची ती डिस्क लावा ना."

डिस्क कपाटात वरच्या कप्प्यात होती. बाइंडरनं तिच्यासाठी कापडी पाठीचं पुठ्ठ्याचं घर केलं होतं. सदतीस वर्षं छापखान्यात पुस्तकं बांधली, त्यामुळे घरातली कुठलीही वस्तू त्याच्या हातून पुठ्ठ्याशिवाय सुटत नसे. डिस्कवर बायकोच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'विणकाम. चालू.'

त्यानं ती नव्या प्लेअरच्या तोंडात सरकवली. यंत्र घुमलं, थांबलं, पुन्हा घुमलं आणि पडद्यावर अक्षरं आली. ही डिस्क वाचता येत नाही. बाइंडरनं डिस्क काढली, चष्म्याच्या फडक्यानं आतून बाहेर अशी पुसली, परत घातली. तेच. तिसऱ्या वेळी यंत्रानं तेवढंच सांगून सोडलं नाही, वर 'तुमच्यासाठी खास' म्हणून सहा सिनेमे पुढे केले.

"जुन्या रेकॉर्डरवर लावू," मुलगी म्हणाली. "कुठं ठेवलाय तो?"

बाइंडर फडक्याची घडी घालत बसला. घडी घालून झाली तेव्हा सांगावंच लागलं. जुना रेकॉर्डर त्यानं दुकानात देऊन टाकला होता, या नव्याच्या बदल्यात.

 मुलीनं मोजा पिशवीत ठेवला. दोन शब्द ऐकवले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

नवा प्लेअर घेतला त्याला सहा महिने झाले होते. बायको जाऊन दोनच महिने झालेले, घर खायला उठायचं. शेजारच्यांनी सुचवलं, मुलीनंही फोनवर हो म्हटलं, म्हणून तो दुकानात गेला. दुकानातला पोरगेला विक्रेता म्हणाला, "यात सगळं चालतं, काका. डिस्क चालते, नेटवरचं चालतं, मोबाइलमधले फोटो चालतात, पेन ड्राइव्ह चालतो." बाइंडरनं 'सगळं' हा शब्द धरला आणि घरी आला. सगळं म्हणजे नक्की काय, हे विचारायला छापखान्यात तो कधी चुकला नव्हता. कागद किती जाड, धागा किती पदरी, दहा प्रश्न विचारल्याशिवाय काम हातात घेत नसे. त्या दिवशी एकही विचारला नाही.

त्या यंत्राला सरसकट नावं ठेवायला मात्र तो तयार नव्हता. विकतच्या जुन्या डिस्का त्यावर अशा स्वच्छ दिसायच्या की माणसांच्या शर्टाचे काज मोजावेत. नेटवर तर सिनेमांचा डोंगर होता. संध्याकाळी बटण दाबलं की घरात कोणीतरी बोलू लागायचं, आणि त्याला तेवढंच हवं होतं. पण खोडीही कमी नव्हत्या. चालू व्हायला चहा उकळेपर्यंतचा वेळ घ्यायचं. आठवड्यातून एकदा घरातलं वाय-फाय ओळखायचं विसरायचं, की पासवर्ड एकेक अक्षर शोधून भरा. सिनेमा रंगात आला की अपडेट मागायचं. रिमोटवर मधोमध एक मोठं लाल बटण होतं, ते दाबलं की ही सेवा बंद झाली आहे असं कळायचं. बंद झालेल्या सेवेला सगळ्यात मोठं बटण! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं बायको म्हणाली असती.

बायकोची डिस्क त्यानं सहा महिन्यांत एकदाही लावून पाहिली नव्हती. आधी धीर नव्हता. नंतर असं वाटायला लागलं की ती आहेच, कपाटात आहे, केव्हाही लावता येईल. शिल्लक असलेल्या गोष्टीला माणूस हात लावत नाही.

जुना रेकॉर्डर बायकोच्या हातातला होता. समोर तीन रंगांची भोकं, त्यात कॅमेऱ्याची वायर खोचायची आणि कॅमेऱ्यातलं चित्र कोऱ्या डिस्कवर उतरवायचं. मुलगी नोकरीसाठी थंडीच्या गावी गेली तेव्हा बायकोनं ठरवलं की तिला विणकाम शिकवायचं. फोनवर ते जमेना. 'दोन सुलट, दोन उलट' म्हटलं की पोरगी तिकडून म्हणायची, "उलट कुणाच्या बाजूनं?" मग हा उद्योग सुरू झाला. बायको खिडकीपाशी बसायची, बाइंडर कॅमेरा धरायचा. त्याला ताकीद होती की तोंड उघडायचं नाही आणि श्वास हळू घ्यायचा, सगळं ऐकू येतं. असे दहा भाग झाले.

प्रत्येक भाग उतरवून झाला की डिस्क बाहेर काढताना रेकॉर्डर एक प्रश्न विचारायचा. 'फायनलाइज? हो / नाही.' बाइंडरला त्यातलं काही कळत नसे. बायको म्हणायची, "फायनल म्हणजे शेवटचं. शेवट करायचा का, असं विचारतंय मेलं. याला काय घाई? अजून जागा आहे." आणि 'नाही' दाबायची. मुलगी डिस्क मागायची तेव्हाही तेच उत्तर, पूर्ण झाली की पाठवते.

पूर्ण व्हायला राहिलं होतं ते बाइंडरचं. तिचा हट्ट होता की शेवटचा भाग त्याचा हवा, पुस्तक कसं शिवतात ते त्यानं दाखवायचं. तो हसण्यावारी न्यायचा. त्यात बघण्यासारखं काय आहे, माझे हात चालतात, तोंड चालत नाही, असं म्हणायचा. फारच मागे लागली की म्हणायचा, "बघू."

मुलगी गेल्यावर दुसऱ्या दिवशी तो डिस्क घेऊन फ्यूजकाकाकडे गेला. फ्यूजकाका टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचा. काहीही नेलं, अगदी घड्याळ नेलं तरी पहिलं वाक्य "फ्यूज बघितला का?" म्हणून हे नाव. त्यानं डिस्क उजेडात तिरपी धरली. आतल्या बाजूला रुंद गडद पट्टा होता आणि कडेला अरुंद फिकी कड.

"लिहिलंय यावर. भरपूर लिहिलंय. पण बंद केलेली नाही."

"म्हणजे?"

फ्यूजकाकानं जरा विचार केला. "तुमच्या भाषेत सांगतो. पानांचे फर्मे छापलेत, पण अनुक्रमणिका छापलेली नाही आणि शिवण घातलेली नाही. ज्या छापखान्यात छापले तिथल्या माणसाला सुटे फर्मे दिले तर तो लावून वाचेल. वाचनालयात नेऊन दिले तर?"

"घेणार नाहीत."

"तुमचा नवा प्लेअर म्हणजे वाचनालय. शिवलेलं पुस्तक द्या, झकास वाचून दाखवेल. ही डिस्क ज्या रेकॉर्डरनं लिहिली तोच वाचेल, नाहीतर त्याचा जुळा भाऊ. तो फायनलाइज करा म्हणाला नाही कधी?"

"म्हणत होता," बाइंडर म्हणाला. "दर वेळी म्हणत होता."

आयुष्यभर त्यानं हाताखालच्यांना सुटे फर्मे तसेच टाकून गेल्याबद्दल झापलं होतं. त्याच्याच घरात एक पुस्तक न शिवता पडलं होतं आणि ते वाचणारं एकमेव यंत्र तो स्वतःच्या हातानं, पिशवीत घालून, देऊन आला होता.

तो दुकानात गेला. तिथून कळलं की बदल्यात आलेला माल दर शनिवारी गोदामात जातो. गोदाम गावाबाहेर होतं, तिथंही गेला. तिथल्या माणसानं अंगणातला ढीग दाखवला, चपटे झालेले पत्रे, वायरींचे गुंते. सहा महिन्यांपूर्वीचं म्हणता, तर ते यातही नसेल, असं तो समजावून म्हणाला. बैल गेला आणि झोपा केला. बाइंडर तरी पाऊण तास ढिगाभोवती फिरला. रेकॉर्डरच्या झाकणावर बायकोनं कडेला लोकरीचा एक पिवळा धागा चिकटवला होता, तो दिसतो का बघत होता.

सहा आठवड्यांनी फ्यूजकाकाचा निरोप आला. एका फोटोवाल्यानं स्टुडिओ बंद केला, त्याच्या माळ्यावर तेच मॉडेल निघालं. रिमोट हरवलेला, पण पुढची बटणं चालतात. बाइंडर गेला तेव्हा रेकॉर्डर टेबलावर उघडाच होता, झाकण बाजूला. फ्यूजकाकानं डिस्क ठेवली आणि आज फ्यूजचं नाव काढलं नाही. यंत्र घरघरलं, थांबलं, आणि पडद्यावर यादी उमटली. एक, दोन, तीन करत अकरापर्यंत.

"अकरा कसे?" बाइंडर म्हणाला. "आम्ही दहाच केले."

आधी त्यानं सातवा लावला, टाचेचा. बायकोचे हात आले, मग आवाज आला. ती सांगत होती की टाच वळवताना घाई करायची नाही, निम्मे टाके सुईवर झोपू द्यायचे, ते कुठं पळून जात नाहीत. फ्यूजकाकानं मोबाइल टीव्हीसमोर धरून तेवढा भाग टिपला. चित्र हललं, कडेला त्याचा अंगठा आला, पण टाके दिसत होते. तो भाग तिथूनच मुलीला पाठवला.

मग अकरावा. चित्र वाकडं होतं, निम्म्यात खिडकीच. कॅमेरा कुणी धरलेला नव्हता, शिवणयंत्रावर ठेवलेला होता. बायको समोर येऊन बसली, पुन्हा उठली, कॅमेरा जरासा वळवून परत बसली.

"अहो, हे तुम्हाला. तुम्ही छापखान्यात गेलाय म्हणून उरकून घेते. पोरीचं सगळं सांगून झालं. हे संपल्यावर बावीस मिनिटं उरतील, ती तुमची. पुस्तक शिवून दाखवा. बोलायचं नसेल तर नका बोलू, नुसते हात दाखवा. दहा वेळा कॅमेरा धरलात, एकदाही आत आला नाहीत. उद्या पोरगी म्हणेल, बाबा घरात राहायचे की नाही?" ती हसली. "विचारलं की म्हणता, बघू. बघा मग. तोवर मी 'नाही' दाबत राहते. पण फार उशीर नका लावू. हे मला सारखं विचारतं."

फ्यूजकाका पाठ करून सोल्डरिंगचा डाग द्यायच्या कामाला लागला. डाग द्यायला समोर काहीही नव्हतं.

ती केव्हा हे करून बसली होती, देव जाणे. ती असताना बाइंडरनं ही डिस्क एकदा जरी सलग पाहिली असती, तरी ते त्याला कळलं असतं.

डिस्क काढताना रेकॉर्डरनं विचारलं. 'फायनलाइज? हो / नाही.'

"हो दाबा," फ्यूजकाका म्हणाला. "दहा मिनिटांचं काम. मग तुमच्या नव्यावर चालेल, मुलीला कॉपी देता येईल, सगळं. याची लेन्स थकलीये, बाइंडरसाहेब. आज वाचतंय. उद्याची खात्री मी देणार नाही."

"हो दाबल्यावर त्यावर आणखी काही घालता येईल?"

"नाही. बंद म्हणजे बंद."

बाइंडरनं 'नाही' दाबलं. चार दिवस दे, म्हणाला. माझं एक काम राहिलंय, ते उतरवतो आणि मग बंद करतो. रेकॉर्डर तो घरी घेऊन आला आणि नव्या प्लेअरशेजारी ठेवला.

पंधरा दिवसांनी मुलीनं फोटो पाठवला. राखाडी मोजा, टाच वळलेली, अगदी बायकोची असायची तशी. खाली लिहिलं होतं, एक झाला.

बाइंडरनं कॅमेरा शिवणयंत्रावर ठेवला. समोर पाट घेतला, त्यावर सहा फर्मे, सुई, मेण लावलेला धागा. पहिल्या दिवशी सगळं पुस्तक शिवून झाल्यावर लक्षात आलं की कॅमेऱ्याचं लाल बटण दाबलंच नव्हतं. दुसऱ्यांदा बॅटरी मधेच गेली. तिसऱ्यांदा सगळं जागच्या जागी होतं, कॅमेऱ्याचा दिवा लागला होता. त्यानं सुईत धागा ओवला आणि हात तिथंच थांबले. हजारो पुस्तकं शिवलेले हात. "ऐक," एवढं म्हणाला आणि पुढे काही सुचेना. बराच वेळ कॅमेऱ्यात तो नुसता बसलेला दिसत राहिला. ते त्यानं डिस्कवर उतरवलं नाही.

आता तो नव्या प्लेअरवर क्वचितच काही लावतो. त्याची तक्रार नाही, ते यंत्र चांगलं आहे, शिवलेलं पुस्तक छान वाचतं. रविवारी तो जुना रेकॉर्डर चालू करतो. सुरुवातीला एकदा घरघरून डिस्क वाचायचा, हल्ली तीनदा घरघरतो. एखादा भाग पाहून झाला की तो विचारतो आणि बाइंडर 'नाही' दाबतो. मग मुलीचा फोन येतो. ती दुसऱ्या मोज्याचं सांगते, आणि शेवटी विचारते, "बाबा, तुमचं झालं का?"

तो म्हणतो, "बघू."

बावीस मिनिटं कोरी आहेत. पुस्तक शिवून दाखवलेलं नाही. डिस्क बंद करायची राहिली आहे.