गळ्याची शपथ

फकिरा देवाला एक वेळ चुकवील, पण शपथेला भारी वचकून असे. त्याच्या थोरल्या भावाने एकदा बांधाच्या भांडणात बैलाच्या पाठीवर हात ठेवून धडधडीत खोटी शपथ घेतली होती आणि तो बैल पोळ्याच्या आत गेला. बैल म्हातारा होता, त्याला आधीपासून धाप लागायची, हे साऱ्या गावाला माहीत होतं. फकिरालाही माहीत होतं. तरी तेव्हापासून कुणी नुसतं "घे शपथ" म्हटलं, की हा माणूस काहीतरी काम काढून तिथून उठायचा.

आणि नेमकी त्याच्या बायकोने, कलाबाईने, त्याला शपथ घातली.

मखमलाबादच्या बाजूला त्यांचा मेथी-कोथिंबिरीचा मळा. ही गोष्ट दोन हजार सहा सालची. आदल्या वर्षी कलाबाईच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली होती. निभावलं एकदाचं, म्हणून सप्तशृंगीला नारळही फोडून झाला होता. मग दिवाळीच्या सुमाराला तपासणीत कळलं, की आजार यकृतात जाऊन बसलाय. कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरून चार डाग दाखवले. तीन उजवीकडे, एक डावीकडे.

डॉक्टरीणबाई काही लपवून ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पोराशी, ज्ञानेशशी, बाजूला जाऊन कुजबुजायला साफ नकार दिला आणि खुर्ची कलाबाईकडे वळवून घेतली. म्हणाल्या, "एक डाग मोठ्या रक्तवाहिनीला खेटून आहे, त्यामुळे लगेच कापता येत नाही. सुई घालून जाळायचा तर डाग लहान हवा. नुसत्या औषधावर राहिलात, तर आजार काही काळ दबून राहील, पण जाणार नाही. म्हणून आधी सलाईनमधून औषध देऊ. डाग आकसले, तर मग ऑपरेशन. यकृताचा बराच भाग कापला तरी उरलेलं वाढतं."

"म्हंजे पालकावानी," कलाबाई म्हणाली. "मेथीवानी नाय."

"पालकासारखं," डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांनी बजावलं, की या औषधाने हातापायाला मुंग्या येतात, थंड पाण्यात हात घालायचा नाही, आणि मुंग्या जाऊन बधिरपणा टिकून राहिला तर लगेच सांगायचं. "मी औषध कमी करीन."

हे शेवटचं वाक्य कलाबाईच्या डोक्यात रुतून बसलं. अख्खा जन्म तिने पिकावर पंप मारताना पाहिला होता. अर्ध्या औषधाने मावा मरत नाही, उलट माजतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

थंडी वाढली तसे दर पंधरा दिवसांचे डोस सुरू राहिले. कलाबाई उलट्या काढायची, दोन दिवस पडून राहायची, तिसऱ्या दिवशी उठून सगळ्यांवर डाफरायला लागायची. डाफरली की घरात सगळ्यांना बरं वाटायचं. एका संध्याकाळी ती भाकऱ्या करत होती आणि फकिरा चुलीपाशी शेकत बसला होता. कसला तरी जळका वास आला. बघतो तर हिची बोटं तव्याला टेकलेली, आणि ही आपली सुनेला मिठावरून बोलतेय.

फकिराने तिचा हात ओढला. दोन बोटांवर टरारून फोड आले होते.

"तुला कळलं नाय?"

कलाबाईने आधी सुनेला पाण्याला पिटाळलं. मग हळूच म्हणाली, "महिना झाला. बोटं हायेत का नाय तेच समजत नाय."

"आन् डॉक्टरीणबाईंना तर कायबी नाय म्हणून सांगतीस!"

"मग काय सांगू? औषध कमी करा? डाग आकसले नाय तर ऑपरेशन कोण करणार?" ती त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली, "तुमी त्यांना सांगाल, तर माझ्या गळ्याची शपथ हाय तुमाला."

 फकिरा उठून जाणार होता, पण शपथ घालून झाली होती.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बधिरपणा? "नाय बाई." त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा विचारलं. "कायबी नाय." फकिरा शेजारी बसून पंख्याकडे बघत राहिला. सांगावं तर शपथ, न सांगावं तर बाईचे हात जाताहेत. त्याला जेवण गोड लागेना.

संक्रांत झाली आणि नवा फोटो निघाला. डाग आकसले होते, खेटून बसलेला वाहिनीपासून सुटला होता. ज्ञानेशच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरीणबाईही खूश होत्या. "काही त्रास नाही म्हणता, तर आणखी चार डोस देऊ. आणखी लहान होतील, मग कापू."

कलाबाईने विजयी मुद्रेने नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर खोचून ती बाहेर निघाली. दारातच तिच्या उजव्या पायातली चप्पल निसटली. ती तशीच पुढे गेली. एक पाय चपलेत, एक उघडा, आणि पोराशी बोलत बोलत बाई अर्धा व्हरांडा चालून गेली.

फकिराला ते बघवेना. त्याने चप्पल उचलली, तसाच आत वळला आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली. शपथ सांगण्याची होती, दाखवण्याची नव्हती, असा हिशेब त्याने मनाशी केला होता.

"हे काय?"

फकिराने चप्पल बोटाने जरा पुढे सरकवली.

"अहो बाबा, चप्पल कुणाची?"

"तिची," तो म्हणाला, आणि मग त्याचा बांधच फुटला. "पायातून गेली, तिला कळलं नाय. बोटं तव्यावर भाजली, तीबी कळली नाय. महिन्याच्या वर झालंय, बाई."

कलाबाईला परत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला लावून पायाची बोटं एकेक दाबली. कुठलं दाबलं, ते तिला एकदाही सांगता आलं नाही.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्या खाली वाकल्या होत्या, तशाच वर बघून म्हणाल्या, "मावशी, हे औषध डागांना मारतं, तसं चांगल्या यकृतालाही थकवतं. आणखी चार डोस दिले असते आणि मग कापलं असतं, तर उरलेल्या यकृताला भार पेलला नसता कदाचित. आता औषध बंद. महिनाभर विश्रांती, मग उजवी बाजू कापायची आणि डावीकडचा बारका डाग जाळायचा. धोका आहे. नको असेल, तर दुसऱ्या औषधांवर राहता येईल. तुम्ही सांगा."

"कापा," कलाबाई म्हणाली.

पण नवऱ्याशी तिने अबोला धरला. "ज्ञानेश, तुझ्या बापाला म्हण, जेवून घ्या." "ज्ञानेश, तुझ्या बापाला म्हण, मोटार बंद करा." फकिरा तिथंच दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचा. त्याला अबोल्याचं काही वाटत नव्हतं. लग्नापासून त्याने कैक अबोले पचवले होते. तो शपथेच्या धास्तीने पोखरला होता. गळ्याची शपथ मोडली होती, आणि आता तिलाच टेबलावर आडवी घालणार होते. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या ते त्याला पटत होतं, आणि तो बैलही आठवत होता.

ऑपरेशनच्या सकाळी तिला हिरवा झगा घालून स्ट्रेचरवर आणलं. यकृताचे सर्जन मुंबईहून आले होते. दारापाशी वॉर्डबॉय जरा थांबला, तसा फकिरा पुढे झाला.

"अगं," तो तिच्यावर वाकून म्हणाला, "तेवढी शपथ सुटली म्हण. तुझ्या पाया पडतो."

कलाबाईने त्याच्याकडे पाहिलं. महिनाभर ज्याचा तिने रागराग केला, तो माणूस भीतीने एवढासा झाला होता. तिच्या आत्ता ध्यानात आलं, की याला काय खातंय.

"आत्ता नाय म्हणायची," ती म्हणाली. "भायेर आल्यावर म्हणते. तवर बसा गप."

दार लागलं. फकिरा बसला. ज्ञानेशने आणलेला चहा बाकावर गार झाला. दुपार कलल्यावर सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, की मनासारखं झालंय, आता पुढचे काही दिवस जपायचं. संध्याकाळी एकाला आत सोडलं.

कलाबाईच्या नाकात नळी, मानेत नळी, पोटातून दोन नळ्या. चेहरा सुजलेला. फकिरा पलंगाच्या कडेला उभा राहिला आणि त्याला हात कुठे ठेवावा ते समजेना. बऱ्याच वेळाने तिने डोळे किलकिले केले. ओठ सुकले होते. ती काहीतरी पुटपुटली आणि मग पुन्हा, जरा जोर लावून म्हणाली,

"सुटली."

नर्स धावत आली. "काय सुटलं मावशी? कुठली नळी?" तिने भराभर एकेक नळी चाचपायला घेतली.

"नळी नाय हो, सिस्टर," फकिरा म्हणाला, आणि पलंगाचा दांडा धरून ढसाढसा रडायला लागला.