मालकांच्या हृदयात अडकलेला मी

मी बोलतोय. मी म्हणजे कोण, ते विचारू नका. मलाच धड कळेनासं झालंय. कधीकाळी मी प्रथिनाचा एक सरळमार्गी रेणू होतो, एवढं आठवतं.

माझा जन्म मालकांच्या यकृतात झाला. मालक न्हावी. त्यांच्या रक्तातून जीवनसत्त्व वाहून न्यायचं, हे आमचं काम. आम्ही चौघं भाऊ एकमेकांना घट्ट धरून फिरायचो. मालकांचं वय झालं आणि एक दिवस आमची पकड सुटली. का सुटली? देव जाणे! माझी घडीच बिघडली, अंग वाकडंतिकडं झालं. माझ्यासारखेच बिघडलेले आणखी भेटले, आम्ही एकमेकांना चिकटलो. मला वाटलं, चला, घर मिळालं.

काही जण मालकांच्या मनगटांत शिरले. तिथली नस दबली, बोटं बधिर झाली, हातातून कंगवा पडायला लागला.

"चाळीस वर्षं कात्री चालवतोय, हात काय लोखंडाचे आहेत?" मालक म्हणाले. दोन्ही मनगटांचं ऑपरेशन झालं आणि विषय मिटला.

मी तोवर हृदयाच्या भिंतीत होतो. तिथे आमची एवढी गर्दी झाली की भिंत जाड आणि ताठ झाली. मालकांचे पाय सुजले. "दिवसभर उभं राहून दुसरं काय होणार?" असं म्हणत ते पुढच्या गिऱ्हाइकाला बोलवायचे. मग एका दाढीत त्यांना तीनदा दम लागला. गिऱ्हाईकच घाबरलं, गालावरच्या फेसासकट उठलं आणि त्यानेच मालकांना खुर्चीत बसवलं.

लेकीने त्यांना ओढून दवाखान्यात नेलं. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाईंनी मनगटांवरचे व्रण पाहिले.

"दोन्ही हातांना? कधी?"

"सात वर्षं झाली. पण त्याचा इथे काय संबंध?"

"तेव्हाच शंका यायला हवी होती हो, काका. बिघडलेलं प्रथिन आधी मनगटांत साठलं, आता हृदयात साठलंय. गोळीने नवीन साठणं मंदावेल. पण साठलेलं काढायचं औषध आज माझ्याकडे नाही."

मालकांनी आपल्या मनगटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "उगाच बिचाऱ्या कात्रीला शिव्या घातल्या." लेक हसली आणि हसता हसता रडायला लागली.

साठलेलं म्हणजे मीच की! मी हादरलोच. मला तर वाटत होतं, आम्ही भिंतीला आधार देतोय.

मालक, आईशप्पथ, मी मुद्दाम नाही केलं. तुमच्याच अंगातला आहे मी. प्रत्येक ठोक्याला तुमचं हृदय मला ढकलतं, मीही सगळा जोर लावतो. पण सुटायचं कसं, तेच मला येत नाही.