रिप्लेस ऑल

अकोल्याच्या कम्प्युटर क्लासात सरांनी पानभर मजकुरातलं ‘अकोला’ एका बटनात ‘अमरावती’ करून दाखवलं, तेव्हा पोरं खुर्च्यांतून उठून पाहू लागली. नीलम इंगळेला तर हे फारच आवडलं. ठिकठिकाणची खोडाखोड एका फटक्यात, आणि खोडल्याची खूणसुद्धा नाही. अशी सोय माणसाला एरवी कुठं मिळते?

तिच्या मशीनवर पिंटूदादाच्या लग्नाची पत्रिका होती. कापसाचं साल बुडालेलं, जो तो लग्न साधंच उरकत होता, म्हणून पत्रिका नीलमनं क्लासातच छापून आणायची असं घरी ठरलं. तिचे बाबा पुंजाजी पातूरला पोस्टमन. मजकूर लिहून देताना ते सारखे बजावत होते की आजोबांचं नाव नीट टाक.

इंगळे बौद्ध. त्यांच्या पत्रिकेत ‘श्री’ नसतं, ‘आयुष्मान’ असतं. गेलेल्या माणसाला ‘स्वर्गीय’ नाही, ‘कालकथित’ म्हणतात. आजोबा शालिकराम छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले, तेव्हापासूनचा हा रिवाज. पण इंगळे आडनाव वऱ्हाडात सगळ्या समाजांत सापडतं, आणि क्लासात नीलमचं त्या आडोशानं बरं निभत होतं. शेजारी बसणारी रेवती देशमुख एकदा डबा उघडताना म्हणाली होती, तू तर आमच्यातलीच वाटते. नीलम नुसती हसली होती. त्या हसण्यानंच घोळ केला.

आता तीच रेवती खुर्ची सरकवत म्हणाली, दाखव ना दादाची पत्रिका. थांब, चुका काढते, असं म्हणून नीलमनं पडदा आपल्याकडे वळवला. आयुष्मानच्या जागी श्री, कालकथितच्या जागी स्वर्गीय. वरची ‘भवतु सब्ब मंगलं’ ही ओळ पुसली. नवी विद्या लगेच कामाला आली. रेवती गेली की सगळं परत होतं तसं करायचं, असा तिचा हिशेब होता.

रेवतीनं पत्रिका वाचली, छान म्हणाली, आम्हाला बोलावशील ना, असंही विचारलं. तेवढ्यात मागून सर आले. प्रिंटर मोकळा होता. काढायच्या का, म्हणाले. नाही म्हटलं तर का नाही, ते सांगावं लागणार होतं. नीलमच्या तोंडून निघून गेलं, “काढा सर.” एकेक पत्रिका बाहेर पडू लागली आणि रेवतीनंच त्या हौसेनं रचून दिल्या.

पातूरच्या एसटीत नीलमनं एक पत्रिका उघडली. स्वर्गीय शालिकराम इंगळे. ज्या म्हाताऱ्यानं जन्मभर स्वर्ग मानला नाही, त्याला नातीनं एका बटनात तिथं नेऊन बसवलं होतं. तिला स्वतःची किळस आली. गाडीतून उतरून कुठं तोंड लपवावं असं झालं.

घरी पत्रिका वाटायला मामा आले होते, खुशालराव. त्यांनी वाचली आणि भाचीचं कौतुक करायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. हे कोणाच्या घरचं लगन हाय, एवढंच त्यांनी विचारलं. पुंजाजींनी पत्रिका हातात घेतली, खालपर्यंत वाचली, मग लेकीकडे पाहिलं.

“मशीननं केलं का हे?”

नीलमनं मान हलवली. हो म्हणून.

पुंजाजींनी मामांना सांगितलं की कम्प्युटरची चूक आहे, पोरीचा काही दोष नाही. मग पेन घेऊन ओसरीवर बसले. श्री खोडायचे, वर आयुष्मान लिहायचे. आजोबांच्या नावापाशी हात जरा हळू चालायचा. वरच्या कोऱ्या जागेत ती ओळही लिहायचे. नीलमची आई इंदूबाई सुकलेल्या पत्रिका उचलत होत्या. मी लिहू लागते बाबा, असं नीलम दोनदा म्हणाली. ते नको म्हणाले, रागानं नाही.

दुसऱ्या दिवशी ती क्लासला निघाली, तेव्हा त्यांनी दोऱ्यानं बांधलेला एक लहान गठ्ठा तिच्या हातात ठेवला. वरच्या पत्रिकेवर श्री तसंच होतं.

“हे तुह्या क्लासवाल्यायसाठी,” ते म्हणाले. “याले मी हात नाई लावला. तिथं तुले खाली पाहा नोको लागाले.”