आग्यावेताळ नाव कसं पडलं

आमच्या सालदाराला सगळं गाव आग्यावेताळ म्हणे. नाव चुडामण, वय साठीच्या पुढे, आणि आवाज असा की दोंडाईच्याला सुटलेली गाडीही थांबावी. शब्द मला नवा नव्हता. धुळ्याला माहेरी कुणी फार तापट असला की आम्हीही तेच म्हणत असू. डोक्यावर जाळ घेऊन रानात हिंडणारा वेताळ तो आग्यावेताळ, हे वडिलांनी सांगितलेलं. म्हणजे नाव शोभतं, एवढंच मला वाटे.

माझी लता दीड वर्षाची. तो ओरडला की दचके, रडता रडता श्वास धरून ठेवी. कॉलेजात दोन वर्षं काढलेली मी, पण काही न सुचून तिच्या छातीवर हात ठेवून बसे. शेवटी यांना सांगितलं, अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, त्याचं साल संपलं की दुसरा माणूस बघा, नाहीतर मी लेकीला घेऊन धुळ्याला जाते. हे हो म्हणाले.

वेचणीचे दिवस होते. मधली खोली कापसानं कंबरेपर्यंत भरलेली. इकडे लेकरांना दुपारी कापसावरच निजवतात. मीही लताला निजवून दारात डाळ निवडत बसले होते. चुडामण अंगणातून जाता जाता थबकला. हवा हुंगली. विचारल्यावाचून घरात पाऊल न टाकणारा तो माणूस मला ओलांडून आत शिरला आणि लताला उचलून त्यानं जवळजवळ माझ्या अंगावर टाकलं.

"लेकरूले लिसन अंगनमा पय!"

मी पळाले. त्यानं ढिगात दोन्ही हात घातले. कोपरभर आत कापूस काळा पडून धुमसत होता. कालच्या गाडीतून कुणाच्या विडीची ठिणगी आली असावी. जाळ नव्हता, म्हणून मला काही दिसलंच नव्हतं. गडी पाणी आणेपर्यंत त्यानं तो कापूस कवटाळून तीन खेपा बाहेर टाकला.

सासूबाई त्याच्या हातांना खोबरेल लावत मला म्हणाल्या, "तुले काय वाटनं, राग येस म्हनीसन नाव पडनं? जवान व्हता तवय आमना खळाले आग लागनी. पेटेल गाठोडं डोकावर लिसन हाऊ नदीलगुन पयना. दूरथीन लोकेसले आग्यावेताळच दिसना. राग तं मांगून उना. कोनी इडी पेटाडी का वरडस."

मला राहवेना. चुडामणबाबांसमोर बसून सांगून टाकलं, की तुम्हाला काढा असं मीच म्हटलं होतं.

"माले ठाऊक शे," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "पोर आज दचकनी का?"

लता माझ्या खांद्यावर पुन्हा झोपली होती. तिला तशीच त्यांच्या जवळ, त्यांच्या घोंगडीवर निजवली. हे शेतातून आले तेव्हा पाणी द्यायच्याही आधी मी सांगितलं, अखाजीला दुसरा माणूस बघायचा नाही.