कागदावरची देलिमा

अमेरिकेतल्या वूनसॉकेटच्या कापडगिरणीचा भोंगा कायमचा बंद होऊन अकरा दिवस झाले होते, तरी नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी एक्झिल्दाचे डोळे पाचलाच उघडले. जित्याची खोड! उठून तिने चूल पेटवली, डुकराच्या खिम्याची तूर्तियेर तापत ठेवली आणि आज बापाला काय म्हणायचं ते मनात घोकत बसली.

नव्या वर्षाच्या सकाळी थोरल्या लेकराने बापापुढे गुडघे टेकायचे आणि सगळ्यांसाठी आशीर्वाद मागायचा, ही त्यांची रीत. कॅनडातल्या क्वेबेकचं शेत सुटलं, पण रीत सुटली नाही.

थोरली खरं तर देलिमा, एक्झिल्दाहून तीन वर्षांनी मोठी. ती तिकडेच घटसर्पाने गेली. इकडे आल्यावर खाणारी तोंडं सात आणि कमावणारा एकटा बाप, तेलेस्फोर. गिरणीत चौदाच्या खालचं पोर घेत नसत आणि एक्झिल्दा होती अकराची. तेलेस्फोरने मेलेल्या पोरीचा बाप्तिस्म्याचा दाखला ट्रंकेतून काढला आणि जिवंत पोरीला शाळेतून उचलली. शाळेतल्या सिस्टर दारापर्यंत आल्या होत्या. ही पोरगी मास्तरीण होईल, म्हणाल्या. कोण ऐकतो?

तेव्हापासून चव्वेचाळीस वर्षं ती गिरणीत देलिमा होती. मागांच्या खडखडाटात कान कुचकामी, म्हणून सगळ्या बाया ओठांवरून बोलणं वाचायच्या. "देलिमा, साहेब येतोय बघ! आधी पोट येतंय, मागनं माणूस!" असं समोरची बिनआवाजात म्हणायची आणि हसू दाबता दाबता इकडे धागा तुटायचा. शनिवारी संध्याकाळी सगळ्या जणी वालाची मडकी बेकरीच्या भट्टीत ठेवून यायच्या आणि रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की कुणाचं मडकं कुणी पळवलं यावर भांडायच्या. ते दिवस चांगले होते असं म्हणायला तिची जीभ रेटत नसे. पण हसू आठवायचं ते तिथलंच, आणि या अकरा दिवसांत त्या बायांच्या आठवणीने ती दोनदा रडली होती.

पाच वर्षांपूर्वी आई गेली, आणि तेव्हापासून तेलेस्फोर आशीर्वाद देतानाही तिला देलिमाच म्हणू लागला. "म्हातारा चळलाय गं, मनावर घेऊ नकोस," असं भाऊ ओव्हिला म्हणायचा. ती मात्र मनावर घ्यायची. आता गिरणी बंद झाली होती आणि डॉक्टरांच्या मते म्हातारा ईस्टर बघणार नव्हता. एकदा, फक्त एकदा, तिला स्वतःच्या नावाने आशीर्वाद हवा होता.

ओव्हिला बायकापोरांना घेऊन आला. सगळे खुर्चीमागे उभे राहिले. एक्झिल्दाने गुडघे टेकले.

"बाबा, आम्हाला आशीर्वाद द्या."

तेलेस्फोरने हात उचलला. "देव तुझं भलं करो, देलिमा…"

"बाबा, मी एक्झिल्दा."

"अगं, राहू दे ना," मागून ओव्हिला पुटपुटला.

"तू गप रे! बाबा, देलिमा गेली. गिरणीपण गेली. ही मी आहे."

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं. त्याचे डोळे चळलेल्या माणसाचे नव्हते.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "माझी मती अजून शाबूत आहे."

"मग?"

"देलिमाला आशीर्वाद देता येतो. तिचं मी काही बिघडवलं नाही, देवाने नेली. एक्झिल्दाला कुठल्या तोंडाने देऊ? पुस्तक हातातून काढून घेतलं मी तिच्या. तुझी आई होती तोवर तिच्या धाकाने तुझं नाव घेऊन रेटत होतो."

ही पाच वर्षं एक्झिल्दाला वाटत होतं, बाप तिला विसरला.

"जे असेल त्याच तोंडाने द्या," ती म्हणाली. "मला कुठे दुसरा बाप आहे?"

तेलेस्फोरने हात तिच्या डोक्यावर ठेवला. ओठ हलले, पण आवाज फुटेना. तिने मान वर केली आणि त्याच्या ओठांवर आपलं नाव वाचलं.