देसांकाबाई आणि तिहोमिरचे वेगळे गट

लेस्कोवाचमध्ये मिरच्या भाजायचा मोसम सुरू झाला की आमच्या आयवारच्या, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या, कारखान्यात सगळ्यांचीच डोकी फिरतात. नेमकी तेव्हाच मालकांना, म्हणजे वुकाशिनना, बॅकअपचं सॉफ्टवेअर घ्यायची बुद्धी झाली. कारखान्यातले कॉम्प्युटर मी सांभाळतो, तेव्हा ही धोंड माझ्याच गळ्यात.

एका कॉम्प्युटरला एक लायसन्स. मालकांनी हात आखडून तीनच घेतली: हिशेबाला, गोदामाला आणि मला. लगेच त्यांच्या कूमाचा फोन आला. लग्नात जो पाठीशी उभा राहिला, त्या कूमाला आमच्याकडे नाही म्हणायची सोय नाही. माझं लायसन्स त्याच्या खाटकाच्या दुकानात गेलं. तिथल्या कॉम्प्युटरवर निव्वळ बँडबाजाची गाणी होती.

राहिले सॉफ्टवेअरमधले गट. एका गटातल्या कॉम्प्युटरांचा बॅकअप एकाच क्षणी होतो. हिशेब आणि गोदाम एका गटात हवेत, हे शेंबडं पोरही सांगेल; इथे बिल फाडलं की तिथे बरण्या कमी व्हायला हव्यात. तशी यादी करून मी भिंतीवर लावली आणि फसलो. आमच्याकडे चार नावं एकत्र लिहिलेली दिसली की लोक ती मेजवानीची टेबलं समजतात.

हिशेबाच्या देसांकाबाई आणि गोदामाचा तिहोमिर यांचं गेल्या स्लावापासून वाकडं होतं. घरच्या संताच्या त्या सणाला, बाईंच्याच टेबलाशी बसून, यानं सारमा खारट झाल्याचं सांगितलं होतं, तेही चौथ्यांदा वाढून घेताना. देसांकाबाई तडक मालकांकडे गेल्या.

"त्या माणसाच्या गटात मी बसायची नाही."

बसायचंय कॉम्प्युटरनं, तुम्ही नाही, हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. पण मालक देसांकाबाईंना टरकून असतात. त्यांनी गट तोडायला लावले. हिशेबाचा बॅकअप दुपारी, गोदामाचा संध्याकाळी.

मग एका दुपारी भट्टीकडच्या वायरींनी पेट घेतला आणि कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर बसले. बॅकअपमधून परत आणले, तर हिशेब आजच्या दुपारचा आणि गोदाम कालच्या संध्याकाळचं. हिशेबाप्रमाणे माल ल्युब्लियानाला निघालेला. गोदामाप्रमाणे त्या मिरच्यांची सालंही निघायची होती. माझ्या कॉम्प्युटरबद्दल तर बोलायलाच नको. मालकांनी मला बाजूला घेतलं.

"अंधार पडायच्या आत ल्युब्लियानाचा ट्रक गेला नाही, तर उद्यापासून घरीच बस, नेगोवान."

दोघांना समोरासमोर बसवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बसले. हातभर अंतर, आणि मध्ये मी.

"त्याला विचार, सकाळी कुठल्या पेट्या बाहेर काढल्या."

"तिला सांग, ज्यांचं बिल फाडलं त्या."

"त्याला म्हणावं, मी फाडलेलं बिल जळलं."

मी खरंच एकेक वाक्य इकडून तिकडे पोचवत होतो. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. शेवटी माझं टाळकं सटकलं आणि कॉफी करायला म्हणून मी सरळ उठून गेलो. नोकरी गेलीच होती, कॉफी तरी मिळावी.

परत आलो तर पाहतो काय, दोघं एकमेकांचं वाक्य तोडून बोलत होते.

"अहो, बिल गोड आयवारचं आणि पेट्या तिखटाच्या?"

"मग बदला की! उभे काय राहिलात?"

तिहोमिर पळाला. देसांकाबाई स्वतः ट्रकापर्यंत गेल्या, पेट्यांवर हात ठेवून मोजू लागल्या. उजेड असतानाच ट्रक निघाला. मला इतकं हलकं वाटलं की मी दोघांनाही मिठी मारणार होतो.

तेवढ्यात मालक आले. दोन्हीकडचा बॅकअप वेगळ्या वेळेचा कसा, हे कुणाच्या डोक्यातून निघालं, असं विचारू लागले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते दूर जाणाऱ्या ट्रकाकडे पाहत राहिले.

"या नेगोवानच्या," देसांकाबाई म्हणाल्या. "चांगलं जमणाऱ्या माणसांना यानं वेगळं केलं."

"मी तर पहिल्या दिवसापासून म्हणत होतो," तिहोमिर म्हणाला.

"मीही," मालक म्हणाले.

हिशेब आणि गोदाम यांचं असं तंतोतंत जुळलेलं मी त्या कारखान्यात पहिल्यांदाच पाहत होतो.