मोठे साहेब आणि गुरुवारची सुट्टी

जरा डोळे मिटा आणि समजा, तुम्ही बर्फाच्या एका डोंगरावर उभे आहात. समोर हत्तीएवढा पांढरा प्राणी बसलाय. त्याला शिंगं आहेत, पंख आहेत आणि स्वभाव अतिशय वाईट आहे. तुमच्या मागे तीन जीव उभे आहेत. ते तुम्हीच जंगलातून पकडलेत, तुम्हीच खाऊपिऊ घालून वाढवलेत. आता सांगा, आधी कुणाला पुढे पाठवाल?

सगळ्यात ताकदवान असेल त्याला?

मग हरलात. उघडा डोळे. वाईट वाटून घेऊ नका, गणराजमामाही असाच हरला होता, एकदा नव्हे, सलग सहा वेळा.

गणराज हा ऋचाचा मामा. लातूरकडून नोकरीसाठी आला आणि मोशीला बहिणीच्या घरीच राहिला. चाकणच्या एका कंपनीत तो गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या मशीनवर काम करायचा. नवा फोन घेतला तेव्हा जुना त्याने सहावीतल्या ऋचाला खेळायला दिला. त्यात सिमकार्ड नव्हतं, काचेला एक तडा होता आणि एक खेळ होता: जीव पकडायचे, त्यांना शिकवायचं, वाढवायचं आणि शेवटी डोंगरावरच्या त्या पांढऱ्या प्राण्याला हरवायचं. अशा शेवटच्या शत्रूला मुलं ‘फायनल बॉस’ म्हणतात.

“बॉस म्हणजे साहेब,” मामा पहिल्याच दिवशी म्हणाला. “आन् हे तर मोठे साहेब दिसायलेत. बघ की, कसे कुणाकडं न बघता बसलेत.”

तेव्हापासून घरात त्या प्राण्याला मोठे साहेबच म्हणायचे.

ऋचाच्या जीवांची नावं तिनेच ठेवली होती. दगडी पाठीचं कासव म्हणजे ढब्बू, हिरवी विषारी सापीण म्हणजे सुतळी, आणि तोंडातून जाळ काढणारी पाल म्हणजे भजी. ढब्बू सगळ्यात जुना, खेळाच्या सुरुवातीला निवडलेल्या अंड्यातला. तो अंड्यातून बाहेर आला तेव्हा ऋचाला ताप होता आणि ती अंथरुणात पडून त्याला पानं चारत होती. सबंध चार महिने ती रोज अर्धा तास खेळत होती, कारण आईने तेवढाच वेळ दिला होता.

मामा भजीला आधी पाठवायचा. भजी दोन दणके द्यायची, साहेब चिडायचे, एका फुंकरीत भजी गार. मग ढब्बू, सुतळी, खेळ खल्लास.

“पहिल्या बॉलला सिक्स मारायला जातोस तू,” ऋचा म्हणाली. “थांब. या वेळी मारायचंच नाही. नुसतं बघायचं.”

“न मारता जिंकतंय का कुणी?”

“हरूच की. पण बघून हरू.”

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, म्हणून पुन्हा सांगतो: बघून हरू. सातव्या वेळी ऋचाने ढब्बूला पुढे केलं, त्याला कवचात बसवलं आणि वहीत फक्त रेघा मारत राहिली. साहेब दोनदा पंजा मारायचे, तिसऱ्यांदा बर्फाची फुंकर घालायचे आणि चौथ्या डावाला काहीच करायचे नाहीत. धापा टाकत बसायचे. दर वेळी तसंच.

“चहा प्यायलेत!” मामा ओरडला. “साहेबांचा टी-ब्रेक हाय हा!”

त्या चहाच्या डावात जीव बदलला तर आत येणाऱ्याला मार बसत नव्हता. आठव्या वेळी आणखी एक गोष्ट कळली. साहेबांची ताकद अर्ध्याखाली गेली की ते लाल व्हायचे आणि त्यांचा प्रत्येक फटका दुप्पट लागायचा. म्हणजे त्यांना हळूहळू अर्ध्याखाली नेण्यात धोका होता. अर्ध्यापर्यंत सावकाश जायचं आणि उरलेलं अर्धं एका दमात पाडायचं.

ऋचाने विचारलं, “मामा, तुमच्या कंपनीत तू घरी आल्यावर मशीन बंद करतात का?”

“छ्या! बंद कसं करतील? दुसऱ्या शिफ्टचा माणूस येतो. तो आल्याबिगर आपण जागा सोडायची नसते.”

“मग तसंच करू. ढब्बू पहिली शिफ्ट. तो मारणार नाही, फक्त साहेबांचा जोर कमी करणार. साहेब चहाला बसले की सुतळी येणार, दुसरी शिफ्ट. ती विष देणार आणि अर्ध्यापर्यंत आणणार. पुन्हा चहा झाला की भजी. तिची सगळी आग तोवर शिल्लक असेल.”

मामाने वहीच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘तिसरी शिफ्ट: भजी’, आणि खाली रेघ ओढली.

नवव्या वेळी ते केसभराने हरले. मामाने भजीला एक डाव आधी आत घेतलं, साहेबांचा चहा अजून यायचा होता. आता करायचं काय ते दोघांनाही कळलं होतं. एक डाव थांबायचं, बस. तो बुधवार होता, संध्याकाळचे सात वाजले होते. आई, म्हणजे रुपाली, आतून म्हणाली, “उद्या-परवा चाचणी आहे तुझी. फोन कपाटावर. आता सुट्टीलाच हात लावायचा.”

“मामा, सुट्टीला नक्की? आपण दोघं?”

“नक्की. सुट्टीला साहेब रिटायर.”

चाचणीत ऋचाला अपूर्णांक नीट आले. शनिवारी शाळा सकाळची. घरी येऊन ती जेवायला बसली, तेवढ्यात मामाबरोबर काम करणारा कोंडाजी जिना चढून वर आला. मामाला शुक्रवारपासून दुसरी, म्हणजे दुपारची शिफ्ट लागली होती आणि दोघं मोशीतूनच कंपनीच्या गाडीत बसायचे. मामा आत कपडे बदलत होता.

“पानी दे गं पोरी. लई ऊन हाय,” कोंडाजी बसला. घटाघटा पाणी प्यायला आणि म्हणाला, “मामाचं तोंड ग्वाड केलं का न्हाई? काल गाडीत नुसता दंगा! साहेबाला लोळवला म्हनं परवा.”

“कुठल्या साहेबाला?”

“आता कुठल्या? त्यो पांढरा, शिंगंवाला. फोटो दावला की आमाला. दगडावर नाव कोरलंय, गणराज. आन् डोकं बी काय चालवलंय, तीन शिफ्ट लावल्या! आमी म्हनलं, राव, तुला सुपरवायझर करायला पायजे. कुनी शिकवलं? तर म्हनला, आपलंच डोकं.”

ऋचाच्या हातात घास तसाच राहिला. तिने उठून खुर्चीवर चढून कपाटावरचा फोन काढला आणि उष्ट्या हाताने खेळ उघडला. डोंगर रिकामा होता. साहेब बसायचे त्या जागी एक मोठा दगड उभा होता, त्यावर जिंकणाऱ्याने टाकलेलं नाव होतं: गणराज. खेळात तो दगड एकदाच मिळतो. ढब्बू, सुतळी, भजी कुठेच नव्हते. खेळाच्या शेवटी जीव आपल्या माणसाचा निरोप घेतात आणि जंगलात परत जातात. तेही एकदाच. हे ऋचाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि ढब्बू निरोप कसा घेईल याचा तिने खूप विचार केला होता.

मामा बाहेर आला. कोंडाजीचा चेहरा, ऋचाच्या हातातला फोन, सगळं त्याने पाहिलं.

“कोंडाजी, तू हो खाली. आलोच,” तो म्हणाला. कोंडाजीला काही कळलं नाही, पण तो गेला.

“आपलं सुट्टीला ठरलं होतं,” ऋचा म्हणाली.

“सुट्टीलाच खेळलो की, ऋचाबाई.” मामा हसायचा प्रयत्न करत होता. “माझी सुट्टी गुरुवारची नसती का? कंपनीची सुट्टी गुरुवारीच. मला वाटलं...”

आता हे खरंच होतं. मामाच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी, शाळेची रविवारी. एकाच घरात सुट्टी या शब्दाचे दोन वार होते. ऋचालाही क्षणभर वाटलं, आपलीच चूक झाली असेल, वार विचारायला हवा होता.

पण रुपाली दारात उभी होती. पोळीचं पीठ हाताला तसंच होतं.

“गण्या,” ती हळूच म्हणाली, “बुधवारी रात्री ताटावर तूच म्हणालास ना, अक्का, रविवारी पोहे लवकर कर, नऊला आमची लढाई आहे?”

मामाने मान खाली घातली.

“घरात कुणी नव्हतं,” तो म्हणाला. “म्हटलं, सराव करावा. हरलो असतो तर कुणाला कळलंबी नसतं. एक डाव थांबलो आन् साहेब पडले. मलाच खरं वाटंना.”

“मग माझं नाव का नाही टाकलं?”

“तुझं टाकलं असतं, तर तुला कळलं असतं ना मी खेळलो ते.”

“आणि तुझं टाकल्यावर नाही का कळणार?”

खाली गाडीचा हॉर्न वाजला, आणि लगेच पुन्हा वाजला.

ऋचाने फक्त एक गोष्ट विचारली. “ढब्बूने काय केलं? जाताना?”

मामा चप्पल शोधू लागला.

“सांग ना. वळून बघितलं का त्याने?”

“ते... लांबलचक होतं गं. फोटो काढायचा होता दगडाचा. मी ते न बघताच पुढं पळवलं.”

ऋचा रडली नाही. रडली असती तर मामाला तिला जवळ घेता आलं असतं आणि थोडं बरं वाटलं असतं. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. साहेबांकडे बघायची तशी.

“मी गाडीत सगळ्यांला खरं सांगतो,” मामा जिन्यावरून म्हणाला. “उद्या नऊला आपण पहिल्यापासून खेळू. मी मदत करतो. ऋचाबाई? ऐकायलीस ना?”

दार लागलं. रुपालीने लेकीच्या डोक्यावरून पीठ लागणार नाही असा मनगटाने हात फिरवला आणि ती आत गेली.

आता तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतं? तो दगड तसाच ठेवला असता? फोन मामाला परत दिला असता? मोठी माणसं चुकतात, असं मी तुम्हाला सांगू शकतो, आणि ते खरंही आहे. पण ज्या मुलीने चार महिने पानं चारली, तिला त्या दुपारी ते सांगायचं धाडस मला झालं नसतं. मी फक्त तिने काय केलं ते सांगतो.

तिने हात धुतले. फोन पुसला. खेळाच्या पहिल्या पानावर गेली आणि ‘नवा खेळ’ यावर बोट ठेवलं. खेळाने विचारलं, जुनं सगळं पुसलं जाईल, नक्की? मामाचं नाव पुसलं जाणार होतं आणि ढब्बूच्या चार महिन्यांची उरलीसुरली खूणही. तिने तो प्रश्न दोनदा वाचला आणि ‘हो’ दाबलं.

गवतावर तीन अंडी आली. एक राखाडी होतं, ते तिच्या ओळखीचं होतं, त्यातून कासव निघतं. ऋचाने त्याच्या शेजारचं, ठिपक्यांचं निवडलं. त्यातून काय निघतं ते तिला माहीत नव्हतं. मग ती कपाट आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात, फोनचा पडदा कुणालाही दिसणार नाही अशी पाठ टेकून बसली आणि अंडं फुटायची वाट बघू लागली.